बोक्याला मिळालेला नारळ

कामचुकारपणा हा स्वभावदोष मानावा की कमावलेली कला मानावी, या प्रश्नावर नीतिशास्त्राने आजवर एकतर्फी निकाल दिला असून, कामचुकारांची कैफियत ऐकून घेण्याचे काम बहुतांशी विनोदी वाङ्मयावर आणि गेल्या शतकात व्यंगचित्रपटांवर येऊन पडले आहे. व्यंगचित्रपट म्हणजे हाताने काढलेली हजारो चित्रे एकामागून एक टिपून हालचालीचा भास निर्माण करणारा चित्रपट. या प्रकारात आळशी नोकराची बाजू सर्वांत खंबीरपणे मांडणारी कृती म्हणून 'टॉम अँड जेरी' मालिकेतील 'पुश-बटन किटी' या १९५२ सालच्या लघुपटाकडे पाहता येते. अमेरिकेतील एम.जी.एम. चित्रसंस्थेसाठी विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीने दिग्दर्शित केलेल्या या जेमतेम सात मिनिटांच्या लघुपटात एका बोक्याची नोकरी जाते, त्याच्या जागी यंत्र येते, यंत्र घराचा चुराडा करते आणि बोक्याला सन्मानाने परत बोलावले जाते. कामगार चळवळीच्या इतिहासात एवढा जलद आणि एवढा संपूर्ण विजय क्वचितच कोणाच्या वाट्याला आला असेल.

टॉमकडे प्रेक्षक सहसा शिकारी म्हणून पाहतात, परंतु सेवाशर्ती लक्षात घेतल्या तर तो प्रथमपासून नोकर आहे. १९४० साली प्रदर्शित झालेल्या 'पस गेट्स द बूट' या मालिकेच्या पहिल्या लघुपटात, जेव्हा बोक्याचे नाव टॉम नसून जॅस्पर होते, तेव्हाच घरातील बाई त्याला बजावते की आणखी एक जरी वस्तू फुटली तरी त्याची रवानगी घराबाहेर होईल. हा इशारा उंदराच्या कानावर पडतो आणि मालिकेचा सारा पुढचा इतिहास त्या क्षणी ठरून जातो. बोका अंगावर धावून येताच उंदीर टेबलाच्या कडेशी काचेचा पेला धरून उभा राहतो, आणि नखे, दात व दहापट वजन असलेला तो प्राणी जागच्या जागी थिजतो. पकडण्यासाठी लागणारे सारे बळ त्याच्याकडे आहे, पण नोकरी जाण्याची भीतीही त्याच्याचकडे आहे. उंदराकडे गमावण्यासारखे काहीच नसल्यामुळे वाटाघाटीत त्याचे पारडे जड राहते. कार्यालयात साहेब आणि शिपाई यांच्यातील शक्तिसंतुलनाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने या एका प्रसंगापासून सुरुवात केली तर बराच वेळ वाचेल.

या नोकरीचे स्वरूपही तपासून पाहण्याजोगे आहे. पद एकच, काम एकच, ते म्हणजे उंदीर धरणे. वेतन म्हणून दूध, उशी आणि डोक्यावर छप्पर. शिक्षा म्हणून हकालपट्टी. वेतनवाढ, पदोन्नती, रजा, निवृत्तिवेतन यांपैकी कशाचाही उल्लेख नाही. ज्या पदावर चांगले काम केल्याने काही मिळत नाही आणि वाईट काम केल्याने ताबडतोब काही जात नाही, त्या पदावरचा कर्मचारी काही दिवसांतच पाट्या टाकू लागतो, हे सांगायला कोणा व्यवस्थापनतज्ज्ञाची गरज नाही. मात्र टॉमच्या आळसात आणखी एक खोल हिशेब आहे. घरात उंदीर एकच आहे आणि तो ज्या दिवशी पकडला जाईल त्या दिवशी बोक्याची गरज संपेल. अशा परिस्थितीत अंग झाडून काम करणे म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय आणण्याचीच पूर्वतयारी होय.

'पुश-बटन किटी' सुरू होतो तेव्हा टॉमने हा हिशेब पूर्णपणे पचवलेला दिसतो. घरातील बाई साफसफाईत गुंतलेली आहे आणि बोका मात्र लोळत पडला आहे. त्याचे अंग इतके सैल आहे की त्यात हाडे असावीत अशी शंका येत नाही, आणि समोर उंदीर वावरत असतानाही उठण्याचे कष्ट घ्यावेत असे त्याला वाटत नाही. इतर लघुपटांत निदान धावण्याचे नाटक तरी असते; येथे नाटकाचीही बचत केलेली आहे. नेमक्या याच वेळी दारात एक खोके येते आणि त्यातून मेकॅनो नावाचा यांत्रिक बोका बाहेर पडतो. त्याला खायला घालावे लागत नाही, त्याची कटकट नाही, घाण नाही. हातातल्या पेटीवरील बटण दाबले की तो काम करतो. टॉमला हे पाहून हसू आवरत नाही. यंत्राकडून आपली जागा घेतली जाणार असल्याची वार्ता ऐकून हसणाऱ्या कर्मचाऱ्यांची परंपरा बरीच जुनी आहे, आणि त्या हसण्याचे आयुष्य किती असते हे लघुपट काही सेकंदांत दाखवून देतो. बटण दाबले जाते, मेकॅनो विजेसारखा झेपावतो, जेरी या उंदराला उचलतो आणि घराबाहेर फेकतो. टॉमने एका तपात जे साधले नाही ते एका झेपेत पार पडते, आणि बोक्याला नारळ मिळतो.

लघुपट ज्या काळात निघाला तो काळ पाहता हा विनोद हवेतून आलेला नाही. फोर्ड मोटार कंपनीने १९४७ साली स्वयंचलनासाठी, म्हणजे माणसाच्या हाताविना यंत्रांनीच एकमेकांकडे काम सोपवण्याच्या पद्धतीसाठी, स्वतंत्र विभाग उघडला होता. गणिती नॉर्बर्ट वीनर यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा यंत्रांमुळे ओढवणाऱ्या बेकारीचा इशारा दिला होता, आणि कर्ट व्हॉनेगट यांची यंत्रांनी माणसांना निरुपयोगी ठरवलेल्या समाजावरील पहिली कादंबरी १९५२ सालीच आली. त्याच चित्रसंस्थेत टेक्स ॲव्हरी हे दिग्दर्शक उद्याचे घर, उद्याची मोटार, उद्याचा दूरचित्रवाणी संच अशा विषयांवर खिल्ली उडवणारे लघुपट काढत होते. बटण दाबले की घरकाम उरकते, हे त्या दशकातील अमेरिकी गृहिणीला जाहिरातींतून रोज दाखवले जाणारे स्वप्न होते. हॅना आणि बार्बेरा यांनी ते स्वप्न तेवढे एका बोक्याच्या अंगावर ढकलले.

सर्वांत गमतीचा योगायोग उंदराच्या बाजूला घडला. बेल प्रयोगशाळेतील क्लॉड शॅनन या गणितज्ञाने १९५० साली थीसियस नावाचा एक यांत्रिक उंदीर बनवला होता. हा उंदीर पंचवीस चौकोनांच्या चक्रव्यूहात चाचपडत वाट शोधत असे आणि एकदा सापडलेली वाट दुसऱ्या खेपेला न चुकता पार करत असे. वास्तविक त्या उंदराच्या अंगी काहीच अक्कल नव्हती. त्याच्या पोटात चुंबक होते आणि सारी स्मरणशक्ती चक्रव्यूहाच्या जमिनीखाली बसवलेल्या रिले, म्हणजे विद्युतप्रवाहाने उघडमीट होणाऱ्या कळांमध्ये साठवलेली होती. दुसऱ्याने खालून विचार करायचा आणि वरच्याने ऐटीत चालायचे, ही कार्यपद्धती अनेक संस्थांत त्यापूर्वीच रूढ असली, तरी तिचे शास्त्रशुद्ध प्रात्यक्षिक प्रथम याच उंदराने दिले असे म्हणावे लागते. ज्या काळात विज्ञान यांत्रिक उंदीर घडवत होते त्याच काळात विनोद यांत्रिक बोका घडवत होता, आणि दोघांची गाठ पडली तर काय होईल, याचे उत्तर प्रयोगशाळेने नाही तरी पडद्याने दिले.

कारण जेरी घरात शिरण्याचे सारे मार्ग मेकॅनोने बंद केल्यावर शेवटी चावीच्या खेळण्यांतल्या उंदरांची एक फौजच घरात सोडतो. मेकॅनोला उंदीर दिसला की झडप घालायची एवढेच शिकवलेले असते; खरा कोणता, खोटा कोणता, पकडण्याजोगा कोणता आणि सोडून देण्याजोगा कोणता, हा विवेक त्याच्या रचनेत नाही. परिणामी तो दिसेल त्या उंदरामागे, भिंतीतून, सामानातून आणि जे आडवे येईल त्यातून धावत सुटतो आणि घर जमीनदोस्त होण्याच्या बेतास येते. या प्रसंगाचे मर्म असे, की घराचे संरक्षण ज्या गुणाने होते तो गुण टॉमचा आळस आहे. टॉमसमोर खेळण्यातले वीस उंदीर सोडले असते तर त्याने एक डोळा उघडून पाहिले असते, कूस बदलली असती आणि घरातील एकही कपबशी फुटली नसती. आदेशाचे तंतोतंत पालन करणारा कर्मचारी संस्थेला किती महागात पडू शकतो, हे कामगार संघटनांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. नियमाप्रमाणे काम हे आंदोलनाचे हत्यार त्याच ज्ञानातून जन्मले, ज्यात कामगार संप न करता प्रत्येक नियम अक्षरशः पाळतात आणि कारभार आपोआप ठप्प होतो. मेकॅनो हे आंदोलन नकळत करतो, एवढाच फरक.

लघुपटाच्या अखेरीस मेकॅनोचे तुकडे होतात, बाई टॉमला परत हाक मारते आणि शिंक्याचे तुटले नि बोक्याचे पिकले अशी स्थिती होते. परंतु लेखक-दिग्दर्शकांनी विजयाला एक खोच मारून ठेवली आहे. मेकॅनोच्या पोटातले यंत्र उडून टॉमच्या घशात जाते, आणि पुन्हा खेळण्यातला उंदीर समोरून गेल्याबरोबर टॉम इच्छा नसताना, आवरता न येता, मेकॅनोसारखाच धावत सुटतो. नोकरी परत मिळते, पण यंत्राचा वेग गळ्यात बांधूनच मिळते. यंत्राने माणसाची जागा घेण्यापेक्षा माणसाच्या आत शिरणे पसंत केले, हे निदान सत्तर वर्षांपूर्वी एका बोक्यावर करून दाखवले गेले होते, याची नोंद आजच्या प्रत्येक कचेरीने घ्यावयास हरकत नाही.

कामावाचून नोकरी टिकत नाही आणि काम संपले तरीही नोकरी टिकत नाही, या दुहेरी पेचावर ही मालिका वारंवार परत येते. १९४३ सालच्या 'द लोनसम माउस' या लघुपटात जेरीच्या कारस्थानाने टॉमची हकालपट्टी होते. जेरी आधी मनसोक्त आनंद साजरा करतो आणि मग त्याला करमेनासे होते, म्हणून तो स्वतःच बोक्याशी संधान बांधतो, बाईला घाबरवून सोडतो आणि लुटुपुटूचा पाठलाग घडवून टॉमला पुन्हा कामावर रुजू करून घेतो. १९४८ सालच्या 'ओल्ड रॉकिन चेअर टॉम'मध्ये टॉम म्हातारा ठरतो आणि त्याच्या जागी लाइटनिंग नावाचा तांबूस, अतिजलद बोका येतो. तेव्हा शिकारी आणि शिकार पुन्हा एक होतात आणि लाइटनिंगच्या पोटात गेलेल्या इस्त्रीला चुंबकाने ओढत त्याची कारकीर्द संपवतात. दोन्ही ठिकाणी कामचुकार नोकराचा खरा पाठीराखा त्याचे अपुरे राहिलेले कामच ठरते. कार्यक्षम बोका हा उंदराचा शत्रू असतो, आळशी बोका हा त्याचा शेजारी असतो. आणि फायलींना बोलता आले असते तर वर्षानुवर्षे एकाच टेबलावर पडून राहिलेल्या फायलींनीही आपल्या कारकुनाविषयी हेच सांगितले असते.

हे सारे केवळ कल्पनेतले असते तर अभ्यासकाला फारसे महत्त्व देण्याचे कारण नव्हते, परंतु पगारी मांजरांचा प्रत्यक्ष इतिहास उपलब्ध आहे आणि तो लघुपटाइतकाच उद्बोधक आहे. लंडनच्या टपाल खात्यातील मनीऑर्डर कार्यालयात उंदीर कागदपत्रे कुरतडू लागल्यावर १८६८ साली तीन मांजरांची रीतसर नेमणूक झाली. त्यांच्या खाण्यासाठी आठवड्याला दोन शिलिंग मागण्यात आले होते, वरिष्ठांनी एकच शिलिंग मंजूर केला, बाकीची भूक मांजरांनी उंदरांवर भागवावी असे ठरले, आणि सहा महिन्यांत उंदीर कमी झाले नाहीत तर भत्त्यात आणखी कपात करावी असा शेराही मारण्यात आला. अर्धपोटी ठेवल्याने कर्मचारी अधिक काम करतो, हा सिद्धान्त मांजरांवर लागू झाल्याची ही अधिकृत नोंद होय. तो माणसांवर त्याआधीपासूनच लागू होता. या खात्यातील सर्वांत नामांकित कर्मचारी टिब्ज हा बोका मात्र तेवीस पौंड वजनाचा झाला, त्यावरून सिद्धान्ताची अंमलबजावणी पुढे सैल झाली असावी किंवा उंदीर फारच पौष्टिक असावेत, असे दोन्ही निष्कर्ष काढता येतात.

लंडनमध्येच पंतप्रधानांच्या दहा, डाउनिंग स्ट्रीट या निवासस्थानी २०११ सालापासून लॅरी नावाचा बोका मुख्य मूषकसंहारक या पदावर आहे. त्याच्या नेमणुकीनंतर काही महिन्यांतच तो शिकारीपेक्षा झोपेला अधिक वेळ देतो अशा बातम्या छापून येऊ लागल्या. सरकारी संकेतस्थळावर त्याच्या कर्तव्यांचे जे वर्णन दिले गेले त्यात पाहुण्यांचे स्वागत, सुरक्षाव्यवस्थेची पाहणी आणि जुने फर्निचर झोपण्यास कितपत योग्य आहे याची चाचणी यांचा समावेश असून, उंदरांच्या प्रश्नावरील उपाय अद्याप नियोजनाच्या अवस्थेत असल्याचे सांगितलेले आहे. कामाचा अहवाल कसा लिहावा याचा इतका परिपूर्ण नमुना दुसरा दाखवता येणार नाही. त्याच्या नेमणुकीपासून पंतप्रधान अनेक आले आणि गेले. बोका त्याच जागी राहिला. लोकशाहीत निवडून आलेल्यांपेक्षा कायम सेवेतील मंडळी अधिक टिकतात, या राज्यशास्त्रातील जुन्या निरीक्षणाला लॅरी हा सर्वांत लवदार पुरावा आहे.

आता प्रश्न उरतो तो असा, की पडद्यावरील या आळसाची किंमत कोणी मोजली. चित्रपटाची फीत सेकंदाला चोवीस चौकटींच्या वेगाने फिरते. त्यामुळे सात मिनिटांच्या लघुपटात दहा हजारांहून अधिक चौकटी भरतात. एक चित्र दोन चौकटींना पुरवले तरी हजारो चित्रे हाताने काढायची, ती सेल नावाच्या पारदर्शक तावांवर गिरवायची, मागून रंगवायची आणि एकेक करून कॅमेऱ्याखाली ठेवायची. केनेथ म्यूझ, अर्व्हेन स्पेन्स, एड बार्ज अशा चित्रकारांनी वर्षानुवर्षे पाठीचा काटा ढिला करून एका बोक्याचे लोळणे रेखाटले, आणि स्कॉट ब्रॅडली यांनी त्याच्या प्रत्येक जांभईला आणि ठेचेला वाद्यवृंद पुरवला. टॉमच्या गाजलेल्या किंकाळ्याही खुद्द हॅना यांनीच दिलेल्या आहेत. मालिकेला सात ऑस्कर मिळाले. ते निर्माते या नात्याने स्वीकारण्याचे काम फ्रेड क्विंबी यांच्याकडे असे. काम एकाने करावे आणि सत्काराचा हार दुसऱ्याच्या गळ्यात पडावा, हा कार्यालयीन शिरस्ता हॉलिवूडलाही परका नव्हता, हे यावरून दिसते.

१९५७ साली एम.जी.एम.ने व्यंगचित्रविभाग बंद केला. कारण असे की जुनेच लघुपट पुन्हा प्रदर्शित केले तरी जवळजवळ नव्याइतकेच उत्पन्न मिळते, हे हिशेबनिसांच्या ध्यानात आले होते. म्हणजे टॉमने पुन्हा जुन्याच धावा धावायच्या होत्या आणि त्या काढणाऱ्यांनी घरी जायचे होते. हॅना आणि बार्बेरा यांनी मग दूरचित्रवाणीसाठी स्वतःची कंपनी काढली आणि मर्यादित ॲनिमेशनचा आश्रय घेतला. या पद्धतीत पात्राचे धड स्थिर ठेवून फक्त तोंड किंवा हात हलवतात, त्यामुळे चित्रांची संख्या आणि खर्च यांत मोठी बचत होते. योगी बेअर या त्यांच्या अस्वलाच्या उघड्या गळ्यात कॉलर आणि टाय दिसतो तो प्रतिष्ठेसाठी नसून, डोके धडापासून वेगळे काढल्याची रेघ झाकण्यासाठी आहे. सात ऑस्करांचे कष्ट उपसलेल्या माणसांना पुढील भरभराट कमी हालचालींतून लाभली, ही गोष्ट टॉमला ऐकवली असती तर त्याला मुळीच आश्चर्य वाटले नसते.

मात्र 'पुश-बटन किटी'तील खरी कामगार अद्याप या विवेचनात बाजूलाच राहिलेली आहे. झाडणे, पुसणे आणि बोक्याला खाऊ घालणे, शेवटी घराचा झालेला चुराडा पाहणे, हे सारे करणारी बाई म्हणजे अभ्यासक जिला मॅमी टू शूज या नावाने ओळखतात ती कृष्णवर्णीय स्त्री. तिचा चेहरा पडद्यावर जवळजवळ कधीच येत नाही. दिसतात ते तिचे पाय, सपाता आणि झाडू. ती मालकीण आहे की मोलकरीण, हे मालिका नेमके कधी ठरवत नाही, पण काम तीच करते याविषयी कोठेही संदिग्धता नाही. लिलियन रँडॉल्फ या अभिनेत्रीने तिला आवाज दिला होता. कृष्णवर्णीय स्त्रीला केवळ घरकामाच्या साच्यात बसवणाऱ्या या चित्रणाला एन.ए.ए.सी.पी. या नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनेने आक्षेप घेतला होता आणि तो आक्षेप रास्त होता. पुढे दूरचित्रवाणीसाठी काही लघुपटांत तिच्या जागी गोऱ्या स्त्रीची चित्रे नव्याने काढून बसवण्यात आली आणि आवाजही बदलण्यात आला. साचा मोडायचा तर त्या बाईला चेहरा, नाव आणि स्वतःची गोष्ट देण्याचा मार्गही होता, परंतु तिला काढून टाकणे अधिक सोपे ठरले.

'टॉम अँड जेरी' मालिकेच्या मूळ पर्वात ती शेवटची दिसते ती याच लघुपटात. त्यामुळे आळशी बोक्याची नोकरी जाऊन परत मिळाल्याची ही कथा प्रत्यक्षात कष्टाळू बाईच्या सेवेचा शेवटचा दिवसही ठरते. कामचुकाराला काढले तर गाजावाजा होतो, पर्याय शोधावा लागतो, पर्याय फसतो आणि त्याला परत बोलवावे लागते. निमूटपणे राबणाऱ्याची जागा रिकामी झाल्याचे मात्र कथेत कोणाच्या लक्षातही येत नाही. आळशी नोकराच्या बाजूने इतका भक्कम युक्तिवाद करणाऱ्या लघुपटाने कष्टाळू नोकराचा खटला न चालवताच निकालात काढला, हा त्याचा सर्वांत मोठा विनोद आहे आणि तो निर्मात्यांच्या मनात बहुधा नव्हता. टॉमचे म्हणाल तर त्याची सेवा अखंड चालू आहे: २०२१ साली आलेल्या 'टॉम अँड जेरी' या चित्रपटात न्यूयॉर्कच्या एका आलिशान हॉटेलने त्याला पुन्हा कामावर घेतले, आणि सोपवलेले काम होते तेच, १९४० सालापासून प्रलंबित असलेले, उंदीर पकडण्याचे.